झेलमचा ओला काठ

आमच्या क्लबच्या अध्यक्षांनी मला फसवलं. मॅसिडोनियाच्या राजाने झेलमच्या काठावर आपल्या राजाला ज्या रीतीने फसवलं, अगदी त्याच रीतीने फसवलं. आणि तेही एर्लांगेन या जर्मन शहरात, गुरुवारच्या कॉफीनंतर, सगळ्या सभासदांच्या देखत. ही हकीकत मी आजवर बऱ्याच जणांना तोंडी सांगितली आहे. पण सांगताना माझा आवाज चढतो आणि ऐकणारे हसायला लागतात. म्हणून आता लिहून काढतो.

माझा धंदा जुन्या मशिनी विकत घेण्याचा. इथले छोटे वर्कशॉपवाले म्हातारे होतात, मुलं बर्लिनला जाऊन संगणकावर काहीतरी करू लागतात आणि एक दिवस वर्कशॉपला कुलूप लागतं. मग मी जातो. लेथ, ग्राइंडिंग मशीन, ड्रिल, जे मिळेल ते घासाघीस करून उचलतो आणि कंटेनरमधून कोल्हापूरला, चाकणला पाठवतो. मी स्वतः शिरोलीच्या फाउंड्रीत हेल्पर म्हणून लागलो होतो. डिग्री नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळात बाकी सगळे इंजिनिअर, निम्म्यांच्या नावाआधी डॉक्टर. त्यांना पगार मिळतो, मला सौदा करावा लागतो, एवढाच काय तो फरक.

माझं गोदाम एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत आहे. शेजारच्या हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी माणसं जमायची आणि आपल्या गाड्या नेमक्या माझ्या माल चढवायच्या रॅम्पसमोर लावायची. दोनदा सांगून झालं. तिसऱ्या वेळी मी भांडायलाच गेलो. दार वाजवलं नाही, सरळ आत.

आत एक प्रचंड टेबल होतं. टेबलावर वाळूच्या रंगाचं मैदान आणि त्यावर बोटाच्या पेराएवढे शेकडो सैनिक, रांगांत उभे. स्वेटर घातलेले एक उंच गृहस्थ एका लाकडी पट्टीने मधली रांग हळूहळू मागे सरकवत होते. समोरच्या बाजूचे सैनिक त्या खळग्यात शिरत होते. मी तोंड उघडलं ते गाड्यांबद्दल बोलायला, पण बाहेर पडलं भलतंच.

"ही रांग मागे का सरकतेय? पळतायत का हे?"

"नाही," ते गृहस्थ मान वर न करता म्हणाले. "समोरचे अजून थोडे पुढे यायला हवेत."

मी तिथेच उभा राहिलो. ती लढाई कॅनेची होती हे मला नंतर कळलं. कार्थेजच्या सेनापतीने मधली फळी मुद्दाम वाकू दिली, रोमन आत घुसत गेले, त्यांना वाटलं आपण जिंकतोय, आणि दोन्ही कडांनी त्यांच्यावर दार बंद झालं. पण मला ते पाहताक्षणी समजलं होतं, कारण ते मी रोज करत होतो. किमतीच्या मध्यावर मी मागे सरकत राहतो. विकणारा खुशीत पुढे येतो. आणि तो पुरता आत आला, की पॅकिंग, क्रेन, बंदरापर्यंतची वाहतूक, सगळं दोन्ही बाजूंनी त्याच्या गळ्यात पडतं. मी शिरोलीत शिकलो ती गोष्ट कुणीतरी इतक्या वर्षांपूर्वी पन्नास हजार माणसांना घेऊन केली होती, हे पाहून मी गाड्यांचं भांडण विसरलो. पुढच्या गुरुवारी माझी गाडीही रॅम्पसमोर उभी होती.

ते गृहस्थ म्हणजेच अध्यक्ष. शाळेत लॅटिन शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याइतकं शिकवणारं मला आयुष्यात कुणी भेटलं नाही, हे मी आज रागात असूनही लिहितो. त्यांनी मला दाखवलं की थीब्सवाल्यांनी आपली सगळी ताकद एकाच टोकाला खोल रांगांत कशी रचली आणि दुसरं टोक मुद्दाम मागे कसं ठेवलं. आजवर सगळे लढत होते तसं न लढणं म्हणजे काय, हे त्या एका हालचालीत होतं. ते सांगताना त्यांचे डोळे चमकत. "बघा," ते म्हणत, "या माणसाने विचार केलाय." त्यांच्या तोंडून यापेक्षा मोठी दाद मी कधी ऐकली नाही.

आता हत्तींकडे येतो.

मी भारतीय, म्हणून क्लबात हत्ती माझे. कुणी ठरवलं नाही, विचारलंही नाही. झेलमची लढाई निघाली, की हत्तींचा खोका माझ्याकडे सरकायचा. आणि झेलमच्या लढाईत हत्तीवाला हरतो, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. मी बरीच वर्षं हरलो. आधी नुसता चिडायचो. मग वाचायला लागलो, आणि वाचता वाचता त्या राजाच्या प्रेमातच पडलो. पलीकडच्या काठावर जग जिंकत आलेलं सैन्य. मध्ये पुराने फुगलेली नदी. मॅसिडोनियाचा राजा रोज रात्री काठाकाठाने घोडेस्वार पळवायचा, आरोळ्या ठोकायला लावायचा. आपला राजा दर वेळी हत्ती घेऊन समोर हजर. पुन्हा आरोळ्या, पुन्हा हत्ती. पलीकडून कुणी उतरतच नाही. शेवटी कंटाळून त्याने आरोळ्यांकडे लक्ष देणं सोडलं, आणि मग एका वादळी रात्री शत्रू वरच्या अंगाला, झाडीने भरलेल्या बेटाआडून, खरोखर उतरला. राजाने मुलाला रथ देऊन धाडलं. रथांना उशीर झाला आणि ते चिखलात रुतले. तिथेच निम्मी लढाई गेली. तरीही तो राजा पळाला नाही. इराणचा सम्राट पळाला होता, दोनदा. हा जखमी होईपर्यंत हत्तीवर बसून लढत राहिला.

माझं म्हणणं एवढंच होतं, की रथ वेळेवर पोचले असते तर? शत्रूचे निम्मे घोडे पाण्यात, निम्मे काठावर, ओले, विस्कटलेले. त्या क्षणी रथ येऊन धडकले असते तर काठ राखता आला असता. वर्षातून एकदा आमचा क्लब गावकऱ्यांसाठी दारं उघडतो आणि एक मोठी लढाई सगळ्यांसमोर लढतो. या वर्षी झेलम ठरली तेव्हा मी मनाशी पक्कं केलं, की एकदा तरी काठ राखून दाखवायचा.

त्याला एक कारण माझ्या मुलीचंही होतं. ती इथेच जन्मली. मी मराठीत बोलतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. त्या हिवाळ्यात मी घरी हत्ती रंगवत होतो.

"अहो, ते प्राणी उचला टेबलावरून," बायको म्हणाली. "पोळ्या काय त्यांच्या पाठीवर ठेवू?"

"रंग वाळतोय."

"मग वाळेपर्यंत त्यांनाच वाढते."

मुलगी एक हत्ती उचलून बघत होती. जर्मनमध्ये म्हणाली, "बाबा, शाळेत या लढाईवर एकच ओळ होती. की ती जिंकली."

"कुणी?"

"दुसऱ्यांनी."

ती थट्टा करत नव्हती, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, त्या दिवशी तू ये. ती म्हणाली, "मेसेज कर, आठवण राहणार नाही." पण आली.

आता फसवणूक कशी झाली ते नीट सांगतो. आमच्या क्लबात दर गुरुवारी सगळा खेळ संपला, की शेवटी एक विषय असतो: फेर्शीडेनेस. म्हणजे किरकोळ, इतर. खेळाचा कुठलाही नियम बदलायचा असेल तर तो तिथे मांडायचा. कुणी हरकत घेतली तर चर्चा, नाही घेतली तर हात वर, आणि नियम झाला. जर्मन माणूस कपाळावर आठ्या न घालता यात तासभर काढू शकतो.

त्या हिवाळ्यात अध्यक्ष दर गुरुवारी नदीचा विषय काढू लागले.

"आल्झो, तर मग झेलमची रुंदी जरा कमी धरावी का?"

मी ताडकन उभा राहिलो. डोंगरातला बर्फ वितळलेला, वरून पाऊस, नदी दुथडी भरलेली. कमी कशी धरता? मी बोलत राहिलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरोबर आहे तुमचं. राहू दे."

पुढच्या गुरुवारी: घोडे पाण्यातून निघताना रांग मोडत नाही असं मानायचं का? मी पुन्हा उभा. पुन्हा "राहू दे." त्यानंतर होड्या. त्यानंतर बेटावरची झाडं. मी घरून तयारी करून जायचो, गाडीत स्वतःशी जर्मनमध्ये वाद घालत. क्लबातल्या एक बाई, दातांच्या डॉक्टर, आमच्या पंच. त्या एकदा कॉफीचा कप ठेवत म्हणाल्या, "तुम्ही दोघं त्या नदीतच घर का घेत नाही? भाडं वाचेल."

सगळे हसले. अध्यक्षही हसले. मला स्वतःचाच वीट आला. प्रत्येक वेळी मी जिंकत होतो आणि प्रत्येक वेळी भांडखोर मीच दिसत होतो. मग मी ते सोडलं. फेर्शीडेनेस सुरू झालं, की मी कोपऱ्यात जाऊन हत्ती स्पंजच्या खोक्यात भरायला लागायचो. असाच एका गुरुवारी एका हत्तीचा सुळा निखळला होता, तो चिमटीत धरून मी गोंद शोधत होतो. अध्यक्ष काहीतरी मांडत होते, हळू आवाजात. "दोन्ही बाजूंना सारखाच," एवढे शब्द माझ्या कानावर आले. सारखाच असेल तर काय हरकत. मी "या, गेनाऊ", म्हणजे हो, बरोबर, असं म्हणालो आणि हात वर केला. त्या हातात सुळाही होता.

खेळाच्या दिवशी हॉल भरला होता. मंडळातले दोघे-तिघे इंजिनिअर आपल्या मुलांना घेऊन आले होते, चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू: हा बघा, मशिनी विकून आता बाहुल्या खेळतो. मुलगी मागे भिंतीला टेकून उभी होती.

शत्रू कुठून नदी ओलांडणार, ते त्याने आधी पंचांच्या कानात सांगायचं असतं. मला माहीत नव्हतं, पण मी ओळखलं होतं. अध्यक्षांनी खालच्या अंगाला घोडे नाचवले. मी तिकडे ढुंकून पाहिलं नाही. लोकांत कुजबुज झाली. त्यांनी पुन्हा नाचवले. मी रथ वरच्या अंगाला, बेटासमोर, मोजून अंतरावर उभे केले होते. घोडे पाण्यात शिरल्याबरोबर निघायचं आणि ते निम्मे बाहेर येईतो पोचायचं. घरी टेबलावर पट्टीने हे अंतर मी इतक्यांदा मोजलं होतं, की बायको म्हणाली होती, माझी साडी तरी एकदा मोजा.

आणि ते बेटाआडूनच आले. तिथूनच, जिथून मी म्हटलं होतं. पहिली तुकडी काठावर, दुसरी पाण्यात. मी रथांना हात घातला. मागे मुलगी भिंतीपासून सुटून टेबलाजवळ आली होती, हे मला न बघता कळलं.

"अर्धं अंतर," अध्यक्ष म्हणाले.

"काय?"

"ओल्या जमिनीवर चाकं अर्धं अंतर जातात."

"असा नियम नाही."

त्यांनी पंचांकडे पाहिलं. दातांच्या डॉक्टरांनी मान हलवली. "आहे. फेर्शीडेनेसमध्ये झाला. एकमताने."

"माझं मत कुणी घेतलं?"

"तुमचा हात वर होता," बाई म्हणाल्या. "हातात दात होता. माझ्या लक्षात राहिला."

दोन्ही बाजूंना सारखाच. मॅसिडोनियाच्या बाजूला एकही चाक नव्हतं.

रथ हातभर अलीकडे थांबले. घोडे पाण्यातून निथळत बाहेर आले, रांग धरली आणि रथांवर तुटून पडले. जे त्या दिवशी झेलमवर झालं, ते तसंच्या तसं झालं.

यापुढचं मी रागात असलो तरी कौतुकानेच सांगणार. कारण त्या माणसाने घोडे ज्या सफाईने वापरले, ते बघायला लांबून यावं. माझ्या पायदळासमोर हत्ती अंतराअंतराने उभे होते, बुरुजांसारखे. त्यांच्यावर समोरून घोडे येत नाहीत, वासानेच बिचकतात. अध्यक्षांनी ते समोरून घातलेच नाहीत. सगळे माझ्या डाव्या कडेवर आणले. मी उजवीकडचे स्वार मदतीला वळवले, आणि मी ते वळवावेत याचीच ते वाट बघत होते. त्यांची एक तुकडी मागून फिरून आली. माझे स्वार दोन तोंडांनी लढू लागले, आणि दोन तोंडांनी लढणारी रांग म्हणजे रांगच नव्हे. ते हत्तींच्या आड शिरले. हत्ती दाबले गेले. मॅसिडोनियाचे भालेवाले एकमेकांना चिकटून पुढे आले आणि हत्ती आपल्याच माणसांवर फिरले. प्रत्येक चाल पुढच्या चालीसाठी जागा करत होती. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. एकही हालचाल वाया नाही.

मी शेवटपर्यंत राजाचा हत्ती मैदानातून काढला नाही. दोनदा रस्ता मोकळा होता. पंचांनी विचारलंही, "मागे घेता?" मी नाही म्हणालो. तो हत्ती मी मधोमध ठेवला आणि त्याने मॅसिडोनियाच्या चांगल्या दोन तुकड्या मोडल्या. लोक टेबलावर वाकले होते. मंडळातल्या एका इंजिनिअरने हळूच विचारलं, "हा अजून उभा कसा?" आणि माझी मुलगी, जी मराठीत कधी उत्तर देत नाही, त्याला मराठीत म्हणाली, "तो जात नाही. तो असाच होता."

संपल्यावर अध्यक्ष सरळ उभे राहिले. ते शिक्षक आहेत, समोर माणसं दिसली की शिकवल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं, "तुम्हाला कसं वागवावं अशी तुमची इच्छा आहे?"

आपल्याकडे प्रत्येक शाळेत शिकवतात ती गोष्ट. उत्तर सगळ्यांना पाठ. माझी इंजिनिअर मंडळी तर ओठ हलवायला लागली होती. मी म्हणालो, "फसवलेल्या माणसासारखं. चाकांचा तो नियम तुम्हाला कधी सुचला?"

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "ऐतिहासिक अचूकतेसाठी होता तो. जमीन ओली होतीच ना?"

होती. तिथेच तर गोम आहे. नियम खरा होता. त्या दिवशी रथ खरोखर रुतले होते. त्यांनी तो पहिल्या गुरुवारी मांडला असता, तर मी भांडलो असतो, मग पटला असता, आणि रथ मी एक हात पुढे उभे केले असते. एवढंच हवं होतं मला. एक हात.

कॉफी-केकच्या वेळी मी त्यांना खिडकीपाशी गाठलं. म्हटलं, "होड्या, झाडं, घोड्यांची रांग. यातला एकही नियम तुम्हाला नको होता."

"मला ते त्या वेळी महत्त्वाचे वाटले."

"प्रत्येक वेळी लगेच मागे घेतलेत."

"तुमचे मुद्दे चांगले होते."

"मी जुन्या मशिनी विकत घेतो," मी म्हणालो. "मला लेथ हवा असला तर मी तासभर ड्रिलबद्दल बोलतो. विकणारा ड्रिलला मिठी मारून बसतो, आणि लेथ स्वस्तात सुटतो. मला कुणी ड्रिल दाखवला तर मला कळतं."

"त्सुफाल," ते म्हणाले. योगायोग. आणि केकचा तुकडा तोंडात टाकला.

घरी येताना मुलगी गाडीत शेजारी बसली होती. मी तिला पहिल्यापासून सगळं समजावून सांगितलं: आरोळ्या, गुरुवार, कंटाळा. तिने ऐकून घेतलं आणि जर्मनमध्ये म्हणाली, "पण हे तर जबरदस्त आहे, बाबा."

आहे. मी कधी नाही म्हटलं? अख्ख्या हिवाळ्यात, सभेच्या शेवटच्या विषयात, कॉफीचे कप वाजत असताना, एका निवृत्त मास्तराने मला झेलमच्या काठावर उभं केलं, आणि मी तिथे आहे हे मला कळलं नाही. सगळ्या जगात लढाईचा असा आदर करणारी किती माणसं असतील? ज्याने मला शिकवलं की विचार केलेली चाल पाहिली की तिला दाद द्यावी, त्याच्या सगळ्यात मोठ्या चालीला मी दाद देऊ शकत नाही. कारण ती चाल नव्हतीच, असं तो म्हणतो.

हे मला मान्य नाही. योगायोगाने झालं असेल, तर मी हरलो एका गोंदाच्या बाटलीमुळे आणि माझा राजा मैदानात उगाच उभा राहिला. ठरवून केलं असेल, तर मी हरलो तो एका सेनापतीकडून, आणि माझ्या मुलीने जे पाहिलं ती खरी लढाई होती. या दोहोंतलं कुठलं, ते मला कळलं पाहिजे आणि तिलाही.

येत्या वार्षिक सभेत मी हा विषय किरकोळमध्ये नव्हे, पहिल्या क्रमांकावर मांडणार आहे. अध्यक्षांनी सगळ्या सभासदांसमोर उभं राहून सांगावं: नदीबद्दलचे ते सगळे प्रस्ताव मला दमवण्यासाठी होते की नव्हते? ऐतिहासिक अचूकता नको, योगायोग नको. हो किंवा नाही, आणि माझ्याकडे बघून.